कोरडं बोट

बोथच्या फाट्यावर फवारणीचे पंप दुरुस्त करणारा तो माणूस मला एकदाच भेटला. नाव विचारायचं राहूनच गेलं. माझ्या मेहुण्याच्या गाडीचं इंजिन रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरतो, आणि एक छोटा पंप त्याला थेंब थेंब ऑइल पाजतो. मेहुण्यानं इंजिन चालवणारा कंपनीचा कॉम्प्युटर काढून हौसेनं बाहेरचा बसवला होता. वाटेत इंजिनाचा आवाज एकदम खरखरीत झाला.

"लॅपटॉपवर बघा ना, ऑइल बरोबर जातंय!" मेहुणा घामाघूम झाला होता.

त्या माणसानं कॉम्प्युटरला जोडलेल्या लॅपटॉपकडे पाहिलंच नाही. नळी सोडवल्यावर इंजिन कोरडं चालू नये म्हणून, फवारणीच्या पंपाला घालतात तसं ऑइल मोजून आधी पेट्रोलच्या टाकीत ओतलं. मग ऑइलची बारीक नळी सोडवली, बोट फडक्याला नीट पुसलं आणि नळीच्या तोंडाशी धरलं.

"करा चालू, भाऊ."

इंजिन गुरगुरलं. स्क्रीनवरचा ऑइलचा आकडा चढत गेला. मी त्या बोटाकडे पाहत होतो. बोट कोरडंच राहिलं.

"कंपूटर सांगून राह्यला, दिलं म्हून," तो शांतपणे म्हणाला. "इंजनाले भेटलं का, थे कोनं पाह्यलं?"

मी तहसील कचेरीत रेशनच्या खिडकीवर बसतो. त्यानंतरच्या सोमवारी एक म्हातारी म्हणाली, "राशन नाई भेटलं, सार." माझ्या स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत 'दिलं' असं होतं. इतकी वर्षं मी तेवढंच वाचून दाखवत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

पिशवीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.