आधी ऊब, मग वीज

माझी थोरली लेक गेली सहा वर्षं बॅटऱ्या गोठवते. तिच्या प्रयोगशाळेत कपाटाएवढी शीतपेटी आहे. ऑफिसात तिला 'थंडीताई' म्हणतात आणि धाकटी म्हणते, "हिला वाढदिवसाला फ्रीजच द्या." एका अवकाशयानावर हिची बॅटरी जाणार की दुसऱ्या गटाची, हे शेवटच्या चाचणीवर ठरणार होतं.

जेवताना तिनेच मला समजावलं होतं. "कडाक्याच्या थंडीत बॅटरीतला द्रव दाटतो, लिथियमचे कण रेंगाळतात. तशातही थोडी वीज काढता येते. पण गार असतानाच चार्ज केली, तर ते कण आत मुरत नाहीत, वरच धातूचा थर होऊन बसतात. बॅटरी कायमची अधू. म्हणून आधी हीटर लावून ऊब द्यायची, मगच चार्जिंग."

चाचणीच्या दिवशी सकाळी तिने फोन उचलला नाही. आदल्या दिवशी तिच्या अंगात कणकण होती. माझ्या मनात नाही नाही ते येऊ लागलं. नवव्या फोननंतर मी सरळ ऑफिसचा नंबर लावला आणि "मला चक्कर येतेय, तिला बोलवा" असं ठोकून दिलं. ती धावत फोनवर आली. मग ताप किती, गोळी घेतलीस का, पोटात काही आहे का, असं वीस मिनिटं चाललं. मध्येच तिच्या सहकाऱ्याचा आवाज आला, "ताई, वेळ झाली. चार्जिंग लावू?"

"लाव," ती म्हणाली आणि मला म्हणाली, "हं, बोल."

हीटर लावायचा राहिला होता. तो तिनेच लावायचा होता.

"व्होल्टेज ठीक होतं, कुणाच्या लक्षातही आलं नसतं," तो सहकारी मला नंतर म्हणाला. "पण ताईंनी आपणहून लिहून दिलं, 'चूक माझी'." बॅटरी बाद झाली. यानावर दुसऱ्या गटाची गेली. माझ्या फोनचा त्या कागदावर उल्लेखही नव्हता.

आठ महिने मी तोंड उघडलं नाही. या रविवारी आम्ही दोघी कपड्यांच्या घड्या घालत होतो, तेव्हा एकदाचं बोलून टाकलं.

"त्या दिवशी मला चक्कर आलीच नव्हती गं."

"माहीत आहे. फोनवर मागे मिक्सर घरघरत होता."

"मग फोन ठेवायचास ना."

"तुझा आवाज थरथरत होता, आई. तो काही खोटा नव्हता." माझ्या हातातला अभ्रा तिने काढून घेतला. "हा उलटा आहे."

चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. तिने विषयच संपवला. हल्ली मात्र ती माझा फोन पहिल्या रिंगला उचलते, कुठेही असली तरी. आणि तिने तो तसा उचलला की काय बोलायचं होतं तेच मला आठवत नाही.