जानवासमची गाडी

चुलतभावाने, म्हणजे अण्णांनी, मला आपली वापरलेली इलेक्ट्रिक गाडी विकली, तेव्हा ती त्यांच्या दारात सरळ उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत ती मागच्या डाव्या चाकावर बसलेली दिसली. चालू केल्यावर घरघर झाली आणि गाडी हळूहळू उठली. या गाडीला इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे ती घरघर शेजाऱ्यांनाही ऐकू गेली.

अशा गाडीत लोखंडी स्प्रिंगांऐवजी हवा भरलेले रबरी फुगे असतात. फुग्याला चीर गेली की हवा झिरपते. ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालतो, तापतो आणि एक दिवस जळतो. मी साबणाचं पाणी फवारलं. फुग्याच्या घडीत बुडबुडे आले. चिरेत धूळ घट्ट बसली होती, म्हणजे ती जुनी होती. गाडी दाखवताना अण्णांनी ती आधीच चालू करून ठेवली होती, ते तेव्हा लक्षात आलं.

मी त्यांना विचारलं. त्यांनी उत्तर दिलं ते एका बारशाच्या पंगतीत, सगळ्यांसमोर. “स्कूटरवाल्याच्या हाती गाडी दिली. खड्ड्यात घालून फुगा फोडला, आता माझ्यावर ढकलतोय.” पंगत हसली. माझी आई त्याच पंगतीत होती. तिने सांबार-भात अर्धा टाकला आणि उठली.

त्रिचीच्या वर्कशॉपने सांगितलं, फुगा बदला, नुसता कॉम्प्रेसर बदलून उपयोग नाही, तो पुन्हा जळेल. मी तारीख घेतली. त्याच आठवड्यात अण्णांचा फोन आला. मुलाचं लग्न पापनाशमला ठरलं होतं. आमच्याकडे सीमंतपूजन होतं, आणि इथल्या रीतीप्रमाणे जानवासमही: लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्या मुलाची देवळापासून मंडपापर्यंत गाडीतून मिरवणूक.

“तुझी गाडी आण,” ते म्हणाले. “वरची काच उघडते, मुलगा उभा राहील. मुलीकडच्यांना सांगून ठेवलंय, घरचीच गाडी आहे.”

“आणतो.”

त्यांनी फोन ठेवला नाही. गाडी दुरुस्त केलीस का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. पण तसं विचारणं म्हणजे दोष आपल्याला ठाऊक होता असं कबूल करणं. मी वाट पाहिली.

“बरं. धुऊन आण,” ते म्हणाले.

मी वर्कशॉपची तारीख रद्द केली.

पापनाशमला गाडी देवळासमोर उभी केली. झेंडूच्या माळा चढल्या, आतली पूजा लांबली. सगळे बाहेर आले तेव्हा गाडीचा मागचा डावा कोपरा चाकावर टेकला होता आणि माळा एका बाजूला लोंबत होत्या. सनईसारखं नादस्वर वाजवणारे थांबले.

“पंक्चर झालं का हो?” मुलीच्या वडिलांनी विचारलं.

“नाही, नाही.” अण्णा मला ओलांडून पुढे झाले आणि चालकाच्या जागी बसले. “ही अशीच बसते. मिनिटभर थांबा, चालू केली की उठते.”

“म्हणजे हिची सवय ठाऊक आहे तुम्हाला,” मुलीचे वडील म्हणाले.

बारशाला हसलेली आमची आत्या शेजारीच उभी होती. “अण्णा, तुझ्याकडे असतानाही अशीच बसायची का रे?”

अण्णांनी चालू करायचं बटण दाबलं. कॉम्प्रेसर घरघरला, तापला आणि बंद पडला. पडद्यावर लाल सूचना आली. शेवटी मुलगा हार घालून नादस्वराच्या मागे चालत निघाला. चालताना तो चांगला दिसत होता.

गाडीपाशी आम्ही दोघेच उरलो.

“तुला ठाऊक होतं,” अण्णा म्हणाले.

“तुम्हालाही.”

“मुलाचं काय चुकलं?”

“काही नाही. म्हणून तो चाललाय मंडपात.” मी किल्ली त्यांच्या हातात ठेवली. “टो-गाडी त्रिचीहून येईल. त्यांना सांगा, मागचा डावा फुगा. तुम्हाला नीट सांगता येईल.”

मी मिरवणूक गाठली आणि आत्याशेजारी चालू लागलो. मंडपाच्या दारात आरती झाली तेव्हा नवऱ्या मुलाच्या बाजूला बापाची जागा रिकामी होती. मुलीच्या वडिलांनी मला तिथे उभं राहायला सांगितलं. मी राहिलो.