सोनगीरच्या अलीकडची ट्रॉली

गेल्या रविवारी अक्काला सोनगीरला तिच्या मुलीकडे सोडायला निघाले होते. अक्का म्हणजे माझी मोठी आत्या. जळगावहून सकाळी निघालो, धुळ्यात चहा घेतला आणि आग्रा हायवेला लागलो.

गाडी चार महिन्यांपूर्वी घेतलेली. तिच्यात ते नवं फीचर आहे... स्पीड सेट करून दिला की पुढच्या गाडीपासूनचं अंतर ती स्वतः राखते, लेनही सोडत नाही. सुरुवातीला मी घाबरत घाबरत वापरलं. मग चटक लागली.

खरं सांगते, त्या वेळी स्टिअरिंगवर माझी फक्त दोन बोटं होती. तीही एवढ्यासाठी, की हात काढला की गाडी टीं टीं करते. दुसऱ्या हातात मोबाईल... बँकेच्या ग्रुपवर कोणीतरी रजेचं विचारलं होतं, त्याला उत्तर लिहीत होते.

पुढे एक कंटेनर साठच्या स्पीडने चालला होता. मी नव्वद सेट केलं होतं, पण गाडी शहाण्यासारखी त्याच्या मागे मागे.

अचानक कंटेनर उजवीकडच्या लेनमध्ये गेला. गाडीला वाटलं रस्ता मोकळा झाला, आणि तिने स्पीड घेतला. पाठ सीटला दाबली गेली ते मला जाणवलंसुद्धा... तरी मी वाक्य पूर्ण करत होते.

"ओ माय वं! समोर देख!" अक्का किंचाळली.

वर पाहिलं तर कापसाने भरलेली ट्रॉली. अर्धी रस्त्यावर, जागच्या जागी उभी. एक माणूस चाकापाशी बसलेला, आणि मागे एक बाई लाल फडकं हलवत होती... बहुधा कधीपासून हलवत होती.

मी अक्षरशः ब्रेकवर उभी राहिले. गाडीचा अलार्म वाजला, पण माझा पाय दाबला गेल्यानंतर. टायर ओरडले, अक्का पट्ट्यात पुढे फेकली गेली... आणि गाडी थांबली.

ट्रॉली आणि बंपर यांच्यात दोन हात अंतर असेल. त्या दोन हातांत एक चप्पल पडली होती. बाई कुठेच दिसत नव्हती.

ते पाच-सहा सेकंद मी कोणाला सांगूच शकत नाही.

मग ती रस्त्याच्या कडेच्या खड्ड्यातून उठली. उडी मारली होती तिने. कोपर सोललेलं, साडीला माती. तिचा नवरा हातात पाना तसाच धरून आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे धावला. "लागनं का काही?" त्याने मला विचारलं. मला!

आणि मी काय म्हणाले माहितीये? "अहो, गाडीने ब्रेकच मारला नाही."

बाई चप्पल उचलता उचलता थांबली. रागावली नव्हती ती. तिला खरंच कळत नव्हतं.

"मंग गाडी कोन चालाडी ऱ्हायंतं, ताई?"

डिकीतून धोक्याची सूचना देणारा लाल त्रिकोण काढून मी मागे लांब नेऊन ठेवला, तिच्या कोपराला पट्टी बांधली, आणि चाक बदलून होईपर्यंत तिथेच उभी राहिले. मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या आवाजाने मी वळून बघत होते... गाडीच्या समोर उभं राहून तो आवाज कसा ऐकू येतो ते मला पहिल्यांदाच कळलं.

सोनगीरपर्यंत सगळं बंद करून चालवली. अक्का सगळा वेळ वरचं हँडल घट्ट धरून बसली होती. ते मला लागलं.

दुसऱ्या दिवशी शोरूमला फोन केला, जरा तावातच. तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, उभ्या वाहनाच्या बाबतीत असं होऊ शकतं, मॅन्युअलमध्ये दिलंय." उघडून पाहिलं. दिलंय. लक्ष ड्रायव्हरनेच ठेवायचं, हेही दिलंय.

तोपर्यंत घरी आणि बँकेत मी सगळ्यांना एकच सांगितलं होतं... "गाडीने दगा दिला, नशीब म्हणून वाचलो." सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, कंपनीला शिव्या दिल्या. मी ऐकून घेतल्या.

म्हणून आज हे लिहितेय. गाडीने दगा दिला नाही. मी बघत नव्हते.

त्या ताईंचं नाव विचारायचं राहून गेलं... त्या वेळेवर उडी मारू शकल्या, म्हणून मी आज हे नुसतं लिहून मोकळी होऊ शकतेय.