पारखायला नेलेली दुनळी

खंडेनवमी आली आणि ठाण्यात बंदुका पुसायला काढल्या, की मला एक जुनी दुनळी आठवायची. निवृत्त झालो तरी ती पाठ सोडत नाही. खुनाचे, दरोड्याचे गुन्हे उघडकीला आणले, त्यांची कलमं आता विसरलो. हा साधा गुन्हा मात्र अजून सलतो.

तेव्हा मी नगर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. काष्टीच्या बाजाराच्या दिवशी सकाळीच खबऱ्याचा फोन आला. "साहेब, एक जण पोत्यात बंदूक घेऊन नगरच्या एसटीची वाट बघतोय." पंच आणि स्टाफ घेऊन थांब्यावर गेलो. साठीचा शेतकरी, स्वच्छ धोतर, मांडीवर खताचं पोतं. पोत्यात फडक्यात गुंडाळलेली बारा बोअरची दुनळी निघाली. जागेवर पंचनामा करून ती जप्त केली आणि वरिष्ठांना कळवलं.

ठाण्यात आणल्यावर त्याने खिशातून परवाना काढला. पीक संरक्षणाचा, अगदी नवा. रानडुकरं ऊस लोळवत होती म्हणून मोठ्या खटपटीने मिळवलेला. पण त्यावर एकाही हत्याराची नोंद नव्हती. म्हणजे ही बंदूक त्याच्या नावावर नव्हती. त्या शेतकऱ्याला मी इथे आप्पा म्हणतो.

"कुणाची बंदूक?"

"माझीच हाय."

"कुठून आणली?"

"घावली."

दुपारपर्यंत याच्यापुढे गाडी गेली नाही. आवाज चढवून पाहिला, चहा पाजून पाहिला. माझा अनुभव असा, की चोर चौकशीत भरपूर बोलतो. इतका गप्प बसणारा माणूस बहुतेक वेळा कुणाला तरी वाचवत असतो.

मी दुनळी पुन्हा हातात घेतली. घोड्यांच्या खाचांत लाल-पिवळी पुटं चढलेली होती. नखाने खरवडून पाहिलं तर हळदकुंकू, तेही वर्षानुवर्षांचं. विकायला आणलेल्या गावठी हत्याराला कोणी हळदकुंकू वाहत नाही. आप्पाच्या गावच्या पोलीस पाटलाला फोन लावला आणि एवढंच विचारलं, "खंडेनवमीला तुमच्याकडे बंदूक कुणाच्या घरी पुजतात?" त्याने लगेच घर सांगितलं. परवाना ज्याच्या नावावर होता तो धनी वारलेला, मागे बायको एकटी. धनी वारल्यावर हत्यार ठाण्यात जमा करायचं असतं. तिने ते केलं नव्हतं.

तिला आणायला जीप काढणार, तोच ती स्वतःच दारात उभी राहिली. बाजारातून बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

"आप्पाभावजींना सोडा. बंदूक म्याच दिली."

आप्पा ताडकन उठला. "वहिनी, तुमी कशाला आला? म्या निस्तरलं असतं की!"

मग सगळं बाहेर आलं. तिचा नवरा आणि आप्पा जिवाभावाचे मित्र. आप्पाला परवाना मिळाल्यावर ती म्हणाली होती, परक्याच्या घरी जाण्यापेक्षा बंदूक तुम्हीच घ्या. आप्पालाही ती हवी होती, पण डावा घोडा ढिला पडला होता. "दुरुस्तीला लई खर्च असंल तर घिऊन काय करू? म्हनलं, नगरात मिस्त्रीला दावतो. घेन्याजोगी असली तर कागद करू."

काष्टीच्या बाजारात बैल घेणारा माणूस आधी दात बघतो, चालवून बघतो, औताला जुंपून बघतो, मग व्यवहाराचं बोलतो. आप्पाने जन्मभर तेच केलं होतं आणि बंदुकीलाही त्याने तोच न्याय लावला. हत्याराच्या बाबतीत कागद आधी आणि हात नंतर, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

गुन्हा दाखल झाला. आप्पा आरोपी एक, वहिनी आरोपी दोन. कायद्याप्रमाणे सगळं बरोबर होतं, आणि मला वाईट त्याचंच वाटतं. खटला चालला, शेवटी दोघंही सुटले. पण बंदूक सरकारजमा झाली आणि आप्पाचा परवाना गेला तो गेलाच. वहिनीला आपल्यामुळे कोर्टाची पायरी चढावी लागली म्हणून आप्पाने त्या घरी जाणंच सोडलं. या प्रकरणाने मला शिकवलं, की गुन्हा उघडकीला येतो तेव्हा दर वेळी गुन्हेगार सापडतोच असं नाही.

खटला चालू असतानाच खंडेनवमी आली. ठाण्यात आमच्या रायफली मांडून झेंडूच्या माळा घातल्या होत्या. वहिनी ताट घेऊन आली. "आमचीबी तुमच्याकडंच हाय, तिला तेवढं कुकू लावू द्या." मुद्देमाल सीलबंद होता, काढता येत नव्हता. मी तसं सांगितलं. तिने वाद घातला नाही. मुद्देमाल खोलीच्या कुलपालाच कुंकू लावलं आणि मग मला विचारलं, "साहेब, दुरुस्त व्हन्याजोगी हुती का वो ती?"

तपासणीचा अहवाल माझ्याकडे आला होता. "चांगली होती. डाव्या घोड्याची स्प्रिंग बदलली की झालं असतं."

जामिनाच्या हजेरीला आलेला आप्पा भिंतीपाशी खाली मान घालून उभा होता. ती त्याच्याकडे वळली. "म्या सांगत न्हवते का भावजी, घ्या म्हनून?" असं म्हणून तिने ताट त्याच्यापुढे धरलं. आप्पाने काडी ओढून ताटातला कापूर पेटवला आणि दोघांनी त्या बंद दाराला हात जोडले.