दोन पदरांची गोधडी: क्रॉयडन ते कॉव्हेंट्री

२००६च्या जुलैत इथे लंडनला असा उकाडा होता की आमच्या क्रॉयडनच्या ट्राममध्ये सीटसुद्धा तापलेली असायची. त्यातच कॉव्हेंट्रीहून मालतीमावशीचा फोन आला.

"अगं, ह्यांना ड्युव्हेची जाड रजई सोसत नाही, आणि अंगावर काहीच नसलं तर झोप लागत नाही. ताईची एखादी सुती साडी घेऊन येशील? हलकी गोधडी शिवू."

ताई म्हणजे माझी आई. ती पुण्यात वारली तेव्हा मी इथे होते. पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिची एकच साडी मी सोबत आणली होती.

शनिवारी ईस्ट क्रॉयडनहून व्हिक्टोरिया, भुयारी ट्यूबने यूस्टन आणि पुढे साधारण सव्वा तासात कॉव्हेंट्री. तिकीट आधी काढलंत तर स्वस्त पडतं. उन्हाळ्यात पाण्याची बाटली मात्र हवीच.

आजारी काकांचा पलंग खाली, बागेच्या बाजूच्या खोलीत आणला होता. आयुष्यभर इथल्या हॉस्पिटलात डॉक्टरकी केलेला माणूस. आपल्याला किती दिवस उरलेत हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

"ट्रेन वेळेवर होती?" त्यांनी विचारलं.

"हो काका."

"मग आज नवल घडलं म्हणायचं."

दहीभात खाऊन आम्ही शेजारच्या खोलीत कार्पेटवर साडी पसरली. मावशीने सांगितलं, थंडीच्या गोधडीत चिंध्या भरतात, उन्हाळ्याच्या गोधडीत काही भरायचं नाही. नुसते दोन पदर आणि जवळजवळ धावदोरा. तिने कात्री उचलली.

"थांब," मी म्हणाले.

मावशीने कात्री खाली ठेवली. "राहू दे गं. ह्यांचं चादरीवर भागेल."

पलीकडून काकांच्या कुशी बदलण्याचा आवाज येत होता. मीच साडी मधोमध कापली. काप वाकडा गेला.

शनिवारी रात्रीपर्यंत आणि रविवारी सकाळी आम्ही दोघी समोरासमोर बसून कडेकडून आत शिवत गेलो. दुपारी गोधडी काकांच्या अंगावर घातली. त्यांनी दोन बोटांत कापड चाचपलं.

"वजन नाही हिला," ते म्हणाले, "पण आहे हे कळतं." थोड्या वेळाने ते गाढ झोपले. मावशी कितीतरी वेळ दारात उभी होती. मी संध्याकाळच्या गाडीने परतले.

तिसऱ्या आठवड्यात काका गेले. मी पुन्हा त्याच मार्गाने कॉव्हेंट्रीला गेले. शवपेटी बंद करण्याआधी मावशीने विचारलं, "ही गोधडी राहू दे ह्यांच्या अंगावर? तुझ्या आईची आहे म्हणून विचारते."

"राहू दे," मी म्हणाले.

दहनाआधी क्रेमेटोरियममध्ये पेटीसमोरचा पडदा मिटला आणि मी रडायला लागले ते थांबेचना. लोकांना वाटलं, काकांवर फार जीव होता. होताही. पण मावशीने माझा हात धरून हळूच म्हटलं, "आता ताईलाही पोचवलंस."

क्रॉयडनच्या घरी आता आईचं काहीच नाही. साडी कापताना मला याचीच भीती वाटली होती. त्या दिवशी घरी आले, आंघोळ केली, आणि आई गेल्यानंतर पहिल्यांदाच तिच्यासाठी दिवा लावला.