शून्याची तार

मीटर हातात घेतला की इंगळे आधी त्याच्या काचेवर नखानं दोनदा टिचकी मारायचे. काटा शून्यावर स्थिरावल्याशिवाय पुढचं काही नाही. मी घाई केली की म्हणायचे, "थांबा ना, सर. शून्यच जागेवर नसन तं बाकीचं काय मोजता?"

अमरावतीच्या आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत ते सहायक होते आणि मी नवाच लागलेला डेमॉन्स्ट्रेटर. ते बाळापूरकडचे, बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या घरातले. शेतमजुरी सोडून नोकरीला लागलेले घरातले पहिलेच, पण नोकरी हंगामी. आमच्याकडे तीन पिढ्यांची वकिली. नोकरी जाणं म्हणजे काय, हे मी फक्त ऐकून होतो.

ट्रान्झिस्टर तेव्हा नुकते मिळायला लागले होते आणि इंगळ्यांना त्यांचं वाद्य करायचं होतं. एका पेटीतून सूर निघावा, दुसरीनं तो थरथरवावा, तिसरीनं हळूहळू विझवावा. पेट्या तारांनी हव्या तशा जोडाव्यात. विभागप्रमुख म्हणाले, "स्नेहसंमेलनात वाजवून दाखवा. वाजलं तर तुम्हाला कायम करायची शिफारस करतो." त्या दिवसापासून इंगळे डबा खायचं विसरायला लागले.

त्यांचा सगळा जीव वीजपुरवठ्यात होता. "पेट्या कितीबी करा, चूल एकच हाय. थे नीट पेटली पाह्यजे." सूर शून्याच्या वर जातो तसा खालीही जातो, म्हणून अधिक बारा व्होल्ट हवेत, उणे बारा हवेत आणि मधे शून्याची तार. रेडिओत वीज साठवून सपाट करणाऱ्या कंडेन्सरचं उणे टोक शून्याला जोडतात. इथे उणे बाजूला नेमकं उलट, अधिक टोक शून्याला; चुकलं तर तो तापून फुटतो. हे त्यांनी मला चारदा तरी सांगितलं असेल. चारही वेळा मी मान डोलावली.

इंगळ्यांनी सगळं आदल्या दिवशीच तपासून ठेवलं होतं. संमेलनाच्या सकाळी ते पेट्या मंचावर नेत असताना मी मागे राहिलेल्या वीजपुरवठ्याचं झाकण उघडलं आणि मला उणे बाजूचा कंडेन्सर फुगल्यासारखा वाटला. माझे हात शिवशिवले. घरचे रेडिओ खोलून मी स्वतःला मोठा कारागीर समजत होतो. नवा कंडेन्सर घेतला, सवयीनं उणे टोक कथलाच्या टाक्यानं शून्याला जोडलं आणि झाकण लावलं. गडबडीत त्यांना सांगायचंही राहिलं.

पहिला सूर निघाला तेव्हा सभागृह गप्प झालं. इतका लांब, स्वच्छ सूर मी त्याआधी ऐकला नव्हता. मग तो लटपटला, फट्‌कन आवाज झाला, धूर निघाला आणि कागदाचे कपटे पाहुण्यांच्या टोपीवर उडाले. पोरं हसली. विभागप्रमुख सगळ्यांदेखत म्हणाले, "ज्याचं काम त्यानंच करावं, इंगळे." त्या बोलण्याचा अर्थ न कळलेला माणूस तिथं नव्हता.

इंगळ्यांनी झाकण उघडलं, आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी मूग गिळून बसलो. त्यांनी झाकण लावलं. उन्हाळ्यात त्यांची नोकरी संपली.

तीन वर्षांनी मी अकोल्याला त्यांच्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात गेलो. जायला तीन वर्षं लागली, याची अजून लाज वाटते. त्यांनी स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. मी कसंबसं म्हणालो, "इंगळे, तो कंडेन्सर मी बसवला होता."

"माहीत हाय. तुमचा टाका वळखतो मी. कथील लय लावता तुमी."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"मी सांगतलं असतं तं कोनं खरं मानलं असतं, सर? तुमचं मानलं असतं." त्यांनी गिऱ्हाइकाचा रेडिओ पुढे ओढला, मीटरच्या काचेवर दोनदा टिचकी मारली. काटा शून्यावर थांबू दिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उन्हाळ्यापावतर वाट पाह्यली म्या. वाटलं, सर सांगतीन."