क्रिसान्तोचा गुडघा

राजधानीतल्या फुटबॉल क्लबची दोन माणसं गाडी घेऊन लागूना ओंदा गावात आली तेव्हा क्रिसान्तो बातीस अंगणात बसून कसाव्याचा कंद किसत होता. खरं तर हे बायकांचं काम, आणि त्यावरून गावातले कोळी त्याला येता-जाता चिडवत. पण एकाच धड पायाने होडी पाण्यात ढकलता येत नाही, आणि रिकामं बसणं त्याला जमत नव्हतं.

"सेन्योर क्रिसान्तो, मैदानातल्या एका स्टँडला तुमचं नाव द्यायचं ठरलंय," त्यातला एकजण हात चोळत म्हणाला.

"कुठल्या बाजूच्या?" ओलिम्पियाने, त्याच्या बायकोने, चुलीपाशी बसल्या बसल्या विचारलं.

"पूर्वेच्या, बाईसाहेब."

"म्हणजे दुपारभर उन्हात असतो त्या. बरोबर आहे. नाव काळ्या माणसाचं, उन्हातच तापू दे."

पाहुणे ओशाळून हसले. क्रिसान्तोने मान वर न करता विचारलं, "फलक कोणाच्या हस्ते?"

"अध्यक्षांच्या. डॉक्टर इरियास."

किसणीवरून हात सटकला आणि दोन बोटांची सालटी निघाली. त्याने बोटं तोंडात घातली नाहीत, पुसलीही नाहीत. रक्त कसाव्यात मिसळत राहिलं आणि तो त्या दोघांकडे असा बघत बसला की त्यांनी पत्रिका बाकावर ठेवून काढता पाय घेतला.

याच वाळूवर तो अनवाणी खेळायला शिकला होता. चेंडू घेऊन तिरका तिरका पळायचा, म्हणून त्याला खेकडा म्हणत. सतराव्या वर्षी राजधानीतल्या याच क्लबने, देपोर्तिवो आल्बाने, त्याला उचललं, एकोणिसाव्या वर्षी होंडुरासचा निळा-पांढरा सदरा अंगात चढला. देशासाठी चव्वेचाळीस सामने, सत्तावीस गोल. रेडिओवरचा निवेदक त्याचं नाव इतकं लांबवायचा की लागूना ओंदात बायका भाकऱ्या सोडून बाहेर यायच्या.

सत्ताविसाव्या वर्षी क्लबच्या अंतिम सामन्याआधी डावा गुडघा सुजला. क्लबचा डॉक्टर तेव्हा हाच इरियास. त्याने गुडघ्याचा फोटो उजेडाकडे धरून बघितला, पाकिटात घातला आणि म्हणाला, "थोडी सूज आहे, बाकी काही नाही." मग गुडघा बधिर करणारी सुई. मध्यंतरात दुसरी, शेवटच्या वीस मिनिटांसाठी तिसरी. क्रिसान्तोने गोल केला, क्लबने चषक उचलला. तीन आठवड्यांनी, विश्वचषकाच्या पात्रता फेरीत, रिकाम्या जाळ्यासमोर चेंडू पायाशी असताना तोच गुडघा दारासारखा उलटा उघडला. चेंडू बाहेर गेला. तो गवतावर ओरडत पडला होता आणि प्रेक्षकांना वाटलं नाटक करतोय. "जा, नारळावर चढ परत!" असं ओरडत त्यांनी त्याच्यावर बाटल्या फेकल्या. ती माणसं आधल्या महिन्यापर्यंत आपल्या पोरांची नावं क्रिसान्तो ठेवत होती.

शहरातल्या शस्त्रवैद्याने नंतर सांगितलं, पहिल्या फोटोतच गुडघ्यातला बंध हाडाचा टवका घेऊन तुटलेला स्पष्ट दिसतोय. ते वाक्य त्याने एकतीस वर्षं तोंडात खड्यासारखं धरून ठेवलं होतं. गावात कुणीही विचारलं की तो सांगायचा, "मला दोघांनी धरलं आणि तिसऱ्याने टोचलं."

"जाणार आहेस?" ओलिम्पियाने विचारलं.

"जाणार. तोंडावर बोलायचंय त्याच्या."

"बोलणार असलास तर येते. फोटोसाठी दात काढणार असलास तर एकटा जा."

समारंभाच्या दिवशी सामना दुपारी तीनला होता. दोन वाजता त्यांना खेळाडूंची ओळख करून द्यायला खाली त्यांच्या खोलीत नेलं. पायऱ्या उतरताना क्रिसान्तोचा एक हात काठीवर, दुसरा ओलिम्पियाच्या खांद्यावर. बसमध्ये त्याने वाक्यं घोटून ठेवली होती: सगळ्यांदेखत, माईकवर, सावकाश.

दार उघडलं आणि स्पिरिटचा वास आला. मालिशच्या बाकावर क्लबचा आघाडीचा खेळाडू येल्सिन लाकायो पाय लांब करून बसला होता. हाही किनाऱ्यावरचाच, पलीकडच्या गावचा, तेवीस वर्षांचा. त्याचा उजवा गुडघा शहाळ्याएवढा झाला होता. समोर इरियास, कडक इस्त्रीच्या सुटात, हातात सुई. अध्यक्ष झाला तरी हे काम तो स्वतःच करायचा. माझा हात हलका आहे, असं कौतुकाने सांगायचा.

"या, या, खेकडासाहेब! दोन मिनिटं," इरियास म्हणाला.

क्रिसान्तोची घोटलेली वाक्यं जागच्या जागी विरली. "गुडघ्याचा फोटो काढलाय का याच्या?"

"काढलाय ना. थोडी सूज आहे, बाकी काही नाही."

तेच शब्द, त्याच क्रमाने. आयुष्यभर ज्याला 'तुम्ही' म्हटलं त्याला क्रिसान्तो एकेरीत म्हणाला, "पाकीट काढ. दाखव त्याला."

"तुला सत्काराला बोलावलंय, तपासणीला नाही."

"हरामखोरा, पाकीट काढ म्हणतो!" त्याने काठी बाकावर आपटली. बाटल्या खळखळल्या. खेळाडू बुटांच्या नाड्या हातात धरून थांबले.

सगळ्यांत जास्त चिडला तो येल्सिन. "काका, तुमचं खेळून झालंय, माझं व्हायचंय! परदेशी क्लबचा माणूस वर येऊन बसलाय मला बघायला. व्हा बाजूला!"

"मी नाही अडवत तुला. घे टोचून." क्रिसान्तोचा आवाज चिरकला. "मीसुद्धा असाच पाय पुढे केला होता. मला कुणी धरलं नव्हतं. कुणीच नाही. मीच म्हणालो, डॉक्टर, लवकर टोचा. पण मला खोटं सांगितलं होतं रे! तू खरं वाच, आणि मग घे."

दारातल्या ओलिम्पियाने हे ऐकलं. क्षणभर ती नवऱ्याकडे बघत राहिली. मग सरळ आत आली, डॉक्टरची उघडी बॅग चाचपली, वरच येल्सिनचं नाव लिहिलेलं पाकीट उपसलं आणि त्याच्या मांडीवर टाकलं. इरियास "अहो बाई, अहो" करेपर्यंत कागद बाहेर आला होता.

येल्सिनने वाचला. पुन्हा वाचला. खाली साध्या शब्दांत लिहिलं होतं: बंध फाटलेला, खेळ पूर्ण बंद, शस्त्रक्रिया लवकर करावी. तारीख आठ दिवसांपूर्वीची.

"कागदावर लोक काहीही लिहितात," इरियास म्हणाला. सुई अजून त्याच्या हातात होती.

येल्सिनने एक बूट काढला आणि भिंतीवर भिरकावला. दुसरा काढताना तो रडायला लागला.

आल्बा दोन गोलांनी हरला. पूर्वेच्या स्टँडवरच्या नावाचा पडदा कुणी ओढलाच नाही. म्हाताऱ्याने येल्सिनला बाहेर बसवलं ही बातमी मध्यंतरापर्यंत सगळीकडे झाली होती. पहारेकऱ्यांनी दोघांना मागच्या फाटकातून बाहेर काढलं तेव्हा वरून उसाची चिपाडं आणि आईवरच्या शिव्या एकत्रच आल्या.

बसमध्ये ओलिम्पियाने केसांतली चिपाडं झटकली. मग म्हणाली, "दोघांनी धरलं, तिसऱ्याने टोचलं. हो ना?"

त्याने काठीची मूठ चोळली.

"एकतीस वर्षं मी त्या दोघांना शिव्याशाप देतेय. रोज सकाळी. त्या दोघांना मी नावंसुद्धा ठेवली होती, मेल्या!"

"लाज वाटायची," तो म्हणाला.

"माझ्यापुढे?"

ती चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. जेवण समोर आदळायची. पाचव्या दिवशी कसाव्याची टोपली त्याच्यापुढे ढकलत म्हणाली, "बारीक किस. काल फार जाड झाला होता."

येल्सिनची शस्त्रक्रिया झाली. परदेशी माणूस पुन्हा फिरकला नाही आणि आल्बाने येल्सिनला सोडून दिलं. कुबड्या घेऊन तो एकदा लागूना ओंदात आला तो केवळ भांडायला. "तुम्ही तोंड मिटून बसला असतात तर मी आज कुठे असतो!" क्रिसान्तोने ऐकून घेतलं. उलट बोलला नाही, माफीही मागितली नाही. सव्वा वर्षाने येल्सिन किनाऱ्यावरच्या एका छोट्या संघातून खेळू लागला. मोठा कुणी झाला नाही, पण नव्वद मिनिटं पळायचा आणि नंतर आपल्या पायांनी घरी जायचा. क्रिसान्तोकडे तो परत आला नाही.

इरियास अध्यक्षच राहिला. पूर्वेच्या स्टँडला एका सिमेंटवाल्याचं नाव लागलं. क्रिसान्तोने आपले आणि येल्सिनचे कागद जोडून डॉक्टरांच्या परिषदेकडे तक्रार केली. येल्सिनने आपला कागद आईच्या हाती पाठवला होता, सोबत चिठ्ठी नव्हती. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी क्रिसान्तो दोन बस बदलून राजधानीत जातो आणि परिषदेच्या खिडकीसमोर उभा राहतो. खुर्ची दिली तर बसत नाही.

"अजून काही आलेलं नाही, सेन्योर क्रिसान्तो," खिडकीतली बाई म्हणते. "एवढ्या लांबून कशाला येता? फोन करत जा."

"फोन तुम्ही ठेवून द्याल," तो म्हणतो. "मला इथून उचलून बाहेर ठेवावं लागेल."